उलट्यांचं खापर

उलटी झाली की माणसाला पहिलं आठवतं ते स्वयंपाकणीचं नाव. कारण पोटात असो, डोक्यात असो, नाहीतर नाकावाटे आत गेलेलं असो, फरशीवर दिसतो तो तिने वाढलेला भात. मग काय, धरा तिलाच.

बुटांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला, मालकांच्याच जागेत, माझी खानावळ होती. नवरा गेल्यावर मी ती एकटीने उभी केली. दीर-जावांनी तेव्हा दारं लावून घेतली, ते बरंच झालं, कुणाचे उपकार राहिले नाहीत. शाळा चौथीत सुटली, पण कढई कधी धुवायची आणि तेल कधी फेकायचं, हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. अख्खा कारखाना माझ्याकडे जेवायचा आणि मला मावशी म्हणायचा.

पोट बिघडलं की डॉक्टरच्या आधी माझ्याकडे यायचे. मीही सोडत नसे. सकाळपासून उपाशी आहेस का? डोकेदुखीची गोळी रिकाम्या पोटी गिळलीस का? बसमध्ये मान खाली घालून मोबाईल बघत आलास का? उन्हातून येऊन गार पाणी ढोसलंस का? निम्म्यांची उलटी या चार प्रश्नांतच सापडते. मग आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायला द्यायचा, लिंबू कापून हुंगायला द्यायचं. उलटी झाल्या झाल्या तांब्याभर पाणी पिऊ द्यायचं नाही, नाहीतर तेही बाहेर येतं. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने, घोट घोट. पोट थाऱ्यावर आलं की कोरडा टोस्ट किंवा मऊ भात. आडवं व्हायचंच असेल तर कुशीवर, आणि वाऱ्याला. एवढ्याने उतार पडला नाही, किंवा रक्त दिसलं, तर मग माझं काम संपलं, गाठा दवाखाना. उगाच वैदूपणा मी करत नाही.

मग एकदा उलट्यांची रांगच लागली. पहिला आला लांबू. तळ चिकटवायच्या खात्यातला, दारातून वाकून येणारा. ओकून ओकून पाणी पाणी झालं होतं त्याचं. आलं दिलं, बाहेर कट्ट्यावर बसवलं, तासाभरात हसायला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी म्हटलं, काय रे, माझ्या आल्याची चटक लागली का. मग त्याच्या शेजारचा आला, मग त्याच खात्यातल्या दोघी, एकमेकींच्या जावा. तयार माल तपासणारी एक चष्मेवाली आहे, तिने सगळ्यांत आधी तोंड उघडलं. म्हातारी शिळं तेल वापरते म्हणाली. माझ्या तोंडावर नाही हो, तेवढी छाती नाही तिची.

मी काही हातावर हात धरून बसले नाही. होतं ते तेल फेकलं. डाळ-तांदूळ बदलले. पिण्याचं पाणी उकळून ठेवायला लागले. टाकी स्वतः आत उतरून घासली, या गुडघ्यांनी. सगळ्यांच्या देखत त्याच पातेल्यातलं वाढून घेऊन जेवले. चष्मेवाली बघत होती. मी तिला म्हटलं, ये, माझ्या ताटातलं खा, मेलो तर दोघी मरू. ती डबा आणायला लागली.

उलट्या काही थांबल्या नाहीत.

तेव्हा मी माणसं बघायला लागले. कातडी कापणारे माझ्याच पातेल्यातलं दोन-दोनदा वाढून घेत होते, त्यांना ढेकरापलीकडे काही नाही. आजारी पडत होतं ते एकच खातं. तेही जेवणाच्या आधी! लांबू पिवळं पाणी ओकत होता, त्यात माझ्या भाताचं एक शीत नव्हतं. आणि सुट्टीच्या दिवशी सगळे ठणठणीत.

माझी धाकटी लेक त्याच खात्यात. तिला नुकते दिवस गेलेले. तिच्या उलट्यांवर सगळे खूश होते, मीसुद्धा. पण सुट्टीला ती माझ्याकडे आली, पोटभर जेवली, लोळली, काही झालं नाही. कामावर गेली की घेरी. पोटातलं बाळ कारखान्याची सुट्टी ओळखतं होय?

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी डबा घेऊन मी त्या खात्यात गेले. उंबऱ्यातच तळ चिकटवायच्या सोल्युशनचा वास कपाळात गेला. खिडक्या बंद. नुसत्या बंद नाहीत, फटींत चिंध्या कोंबलेल्या. पंखे बंद. लांब टेबलावर तळांच्या रांगाच्या रांगा सोल्युशन लावून मांडलेल्या, आणि त्यावर ही माणसं वाकलेली. लांबूला विचारलं, हे काय रे, अंडी उबवताय का. तो म्हणाला, पूर्वी एक जोड लावायचो आणि लगेच दाबायचो. आता काम उरकावं म्हणून अख्खी रांग एकदम लावायची. वारा लागला तर शेवटच्या तळापर्यंत पोचेस्तोवर सोल्युशन सुकतं, तळ पकड घेत नाही, जोड बाद होतो. म्हणून वारा बंद. हे डोकं कुणाचं, विचारलं. तो डब्याकडे बघत म्हणाला, सुपरवायझरांचं.

सुपरवायझर म्हणजे माझा जावई, धाकटीचाच नवरा.

डबा लेकीच्या हातात दिला आणि बाहेर आले.

संध्याकाळी तो खानावळीच्या मागच्या दाराने आला. लग्न झाल्यापासून हा माणूस पुढच्या दाराने येतो आणि खुर्ची पुसलेली आहे ना ते बघून बसतो. आज मोरीपाशी उभा. मी पातेली घासत होते, थांबले नाही. तो बोलत राहिला. मालकांनी विचारणा केलीय. बाहेरून तपासायला माणसं येणार म्हणतायत. खिडक्यांचं निघालं तर मालक हात वर करतील आणि सगळं त्याच्या गळ्यात येईल. नोकरी गेली तर कारखान्याची खोलीही जाईल. घरात लहान मूल येणार.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"त्रास होईल असं वाटलं नव्हतं, आई."

"तुम्ही कुठे बसता?"

त्याची काचेची खोली जिन्यावर आहे, तिला खिडकी आहे.

मग तो मुद्द्यावर आला. मी एवढंच म्हणायचं, की तेल खराब निघालं, चूक झाली. म्हाताऱ्या बाईला कोण काय करणार? आणि मला आता आरामाची गरज आहेच, म्हणाला. माझी काळजी वाहायला तोच उरला होता.

मी पातेलं उपडं घातलं. "खिडक्या उद्या उघडणार?"

"उघडतो."

"पंखे?"

"तेही. एकेक जोड लावायला सांगतो पूर्वीसारखं."

"म्हणजे येत होतं तुम्हाला." हात पुसून मी त्याच्यासमोर उभी राहिले. "जावईबापू, तुम्हाला या घरात मी कधी अरे-तुरे केलं नाही. आजही करत नाही. पण माझी लेक तिथे ओकत होती, आणि तुम्ही पेढे वाटत होतात."

तो खाली मान घालून गेला. मागच्याच दाराने.

सकाळी मालकांसमोर मी सांगितलं, तेल माझं चुकलं. चष्मेवाली होती, दोघी जावा होत्या, लांबू होता. लांबूने एकदा तोंड उघडलं, मी डोळे वटारले, त्याने मिटलं. मालक म्हणाले, वयाचा मान ठेवून प्रकरण वाढवत नाही, पण खानावळ आजपासून बंद. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. मीच माझा हात धरून ते माझ्याकडे वळवलं.

जावई शब्दाला जागला. खिडक्या उघडल्या, पंखे फिरले. आठवड्यात उलट्या थांबल्या. आणि अख्ख्या कारखान्याला पुरावा मिळाला! म्हातारीची चूल विझली आणि पोटं सुधारली. रस्त्यात दोघी जावा भेटल्या, त्यांनी पदर सावरत दुसऱ्या बाजूने वाट काढली. लांबू एकदा आला, दारात वाकून उभा राहिला, म्हणाला, मावशी, मी सांगू का सगळ्यांना. मी म्हटलं, तुझी नोकरी सांभाळ आणि उपाशी कामाला जात जाऊ नकोस.

परवा धाकटी आली. तोंडावर तेज आलंय, गाल भरलेत. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, रागावू नकोस, पण तुला आता तेलाचा वास कळत नाही. आम्हाला आधी सांगायचंस ना."

मी तिच्याकडे बघितलं. खरं सांगितलं असतं तर ती आजच नवऱ्याला सोडून इथे येऊन बसली असती, माझ्यासारखीच आहे ती. म्हटलं, हो, नाक गेलं माझं. जेवायला बस, भात लावते ताजा.

ती चटकन उठली. म्हणाली, नको, घरून खाऊन आलेय.