पाहणीच्या दिवशी लपवलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. नेमकं सांगायचं, तर आठ फुटांच्या फळीचा उरलेला साडेपाच फुटांचा तुकडा. माझ्या एका कडेला सिमेंट वाळून चिकटलेलं आहे आणि माझं एक टोक मोडकं, कुसळं निघालेलं आहे. सध्या मी एका घराच्या भिंतीला टेकून उभी असते. समोर दारापर्यंत जाणारा पक्का उतार दिसतो. त्या उताराची आणि माझी गोष्ट एकच आहे.

मी झाड होते तेव्हा माझ्या अंगातून एक फांदी फुटली होती. पुढे करवतीखाली फळ्या निघाल्या आणि त्या फांदीची जागा माझ्यात गाठ होऊन राहिली. तांबूस, वाटोळी, वाटीच्या बुडाएवढी. गाठ दिसायला सुंदर असते. पण लाकडाचे धागे सरळ धावत येतात ते गाठीपाशी वळसा घेतात आणि तिथे त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. फळी वाकली की तिची खालची बाजू ताणली जाते. त्या ताणात नेमकी गाठ सापडली, तर काय होतं हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही.

एका गवंड्याला हे पहिल्याच नजरेत कळलं. त्याने मला परांचीसाठी विकत घेतलं. अकरा वर्षं मी त्याच्या पायांखाली होते. "हिची गाठ टेकूवर आली ना, तर ही हत्ती पेलेल," तो मजुरांना सांगायचा, "आणि अधांतरी आली, तर मांजरसुद्धा नाही." या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकून मी फुगून जायचे. दुसऱ्या भागाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

गवंड्याला एक थोरली बहीण होती. तिचा नवरा सैन्यात साधा शिपाई होता, पण गल्ली त्याला मेजर म्हणायची. सुरुंगावर पाय पडून त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखालून तुटले आणि तो चाकाच्या खुर्चीवर घरी आला. घराला तीन पायऱ्या होत्या. तीन पायऱ्या, एकूण वीस इंच उंची. तुम्ही एका उडीत चढाल. मेजर मात्र चार महिने त्या वीस इंचांच्या वर अडकून बसला. नाक्यावर किल्ल्या बनवायची एक टपरी त्याला मिळत होती. ती घरापासून दोनशे पावलांवर होती, आणि त्याला खाली उतरता येत नव्हतं.

तेव्हा गवंड्याने माझ्यासकट तीन फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, खालून आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि तो पाट पायऱ्यांवर तिरका टाकला. मी उजवीकडची. मेजरचं उजवं चाक माझ्यावरून जायचं.

"दाजी, हा कायमचा उपाय नाही," गवंडी म्हणाला. "एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी पाहिजे. तुम्हाला वीस फुटांचा उतार लागेल, मध्ये वळण घेऊन. हा आठच फुटांचा आहे."

"घसरगुंडी आहे म्हण की!" मेजर हसला. "लहानपणी राहून गेली होती."

"हसताय काय? ही गाठ बघा. ही बाजू दाराकडे. गाठीखाली या विटा. कधी काढलाच पाट, तर उलटा लावू नका." असं म्हणून त्याने माझ्या वरच्या टोकाला पिवळ्या रंगाचा ठिपका दिला.

मित्रांनो, ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. सकाळी बायको मागून खुर्ची धरायची आणि मेजर उतरायचा. संध्याकाळी परत येताना त्याच्या बोटांना किल्लीच्या पितळेचा वास असायचा. "आली का गाडी घाटात?" बायको दारातून ओरडायची आणि तो खालून म्हणायचा, "इंजिन लावा मागे!" पण घाट खराच होता. तिचे पाय माझ्यावर घसरायचे, तिला दम लागायचा, पावसाळी दिवसांत तर दोघं दोन-दोनदा मागे यायची. माझ्या अंगात ओल मुरत होती. टोकाचा पिवळा ठिपका चाकांनी आणि चिखलाने केव्हाच पुसून गेला.

अशात कुणीतरी सांगितलं, की जखमी होऊन परतलेल्या सैनिकांना घर सोयीचं करून घेण्यासाठी सरकार अनुदान देतं. दारापुढे उतार, न्हाणीघराचं दार रुंद, भिंतीला धरायला दांड्या. न्हाणीघराचं दार चोवीस इंच होतं आणि खुर्ची पंचवीस. एका इंचासाठी मेजर रोज जमिनीवर उतरून हातांवर सरकत आत जायचा. हे मी पाहिलेलं नाही. बायको भावाला हळू आवाजात सांगत होती, तेव्हा ऐकलं.

अर्ज गेला. दोन महिन्यांनी पत्र आलं: अमुक तारखेला सकाळी पाहणी.

पाहणी! मेजरने हा शब्द बारा वर्षं बराकीत ऐकला होता. तिथे पाहणी म्हणजे बूट चमकवायचे, गादीवर सुरकुती ठेवायची नाही, आणि जे जे मोडकं, जोडलेलं, ठिगळ लावलेलं असेल ते साहेबाच्या नजरेआड करायचं. त्याने आदल्या दिवशी घर झाडून घेतलं, शर्टाला इस्त्री करून घेतली, पदकं पुसली. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"हा पाट मागे न्या. कसा दिसतो तो! चिखल, खिळे. विटाही उचला."

"अहो, ते आपली अडचण बघायला येणार आहेत," बायको म्हणाली. "आपला टापटीपपणा नाही."

"पाहणी म्हणजे पाहणी. कुणी भिकाऱ्याचं घर बघायला येत नाहीये."

"आणि तुम्ही दाराबाहेर याल कसे?"

"ते माझ्यावर सोड."

शेजारचा शिंपी मदतीला आला. त्याने आणि बायकोने आम्हाला घराच्या मागे नेलं, विटा कोपऱ्यात रचल्या आणि वर ताडपत्री टाकली. "मेजरसाहेब," शिंपी म्हणाला, "पाहुणे येताना माझी बायको मला असंच मागे ठेवते."

त्यामुळे पाहणी मी पाहिली नाही, फक्त ऐकली. पाहणीला आलेल्या साहेबांचा आवाज तरुण आणि सभ्य होता. ते टेप लावून मोजत होते. "न्हाणीघरात काही अडचण?" "काही नाही साहेब." बायको म्हणाली, "साहेब, खरं तर—" आणि थांबली. तिला कुणी थांबवलं, हे ताडपत्रीखालूनही मला कळलं.

"आणि या पायऱ्या?"

"दाखवतो."

मग खुर्ची दाराबाहेर आल्याचा आवाज झाला. पुढे काय झालं ते बायकोने नंतर भावाला सांगितलं. मेजर खुर्चीतून उतरून वरच्या पायरीवर बसला, हातांवर अंग उचलून एकेक पायरी खाली गेला आणि तसाच, दाराकडे पाठ करून, वर आला. मला फक्त आवाज ऐकू आले. धप्. धप्. धप्. थोडी शांतता. मग पुन्हा तीन. शेवटच्या दोन आवाजांमधलं अंतर फार मोठं होतं.

"वा!" साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले. आणि कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

साहेब गेल्यावर मेजरला उजवा हात वर करता येईना. खांदा सुजला होता. तरी त्याचं एकच चाललं होतं, "पाट लावा, उद्या टपरी उघडायची आहे." संध्याकाळ झाली होती, सगळे दमले होते. बायकोने आणि शिंप्याने आम्हाला ओढत आणलं आणि पायऱ्यांवर टाकलं. विटाही ठेवल्या, अगदी पहिल्या जागी. फक्त पाट उलटा लागला. दाराकडची बाजू रस्त्याकडे आली आणि डावी-उजवीकडेही अदलाबदल झाली. विटांवर आता माझा धडधाकट भाग होता. गाठ खाली सरकली होती, अधांतरी. मला बोलता आलं असतं, तर मी त्या दिवशी ओरडले असते. मी करकरले. "ओल लागलीय," शिंपी म्हणाला.

पाच आठवड्यांनी अहवाल आला. बायकोने दारात उभं राहून वाचला: अर्जदार कोणत्याही साधनाशिवाय व मदतीशिवाय ये-जा करू शकतात. बदलांची आवश्यकता दिसून येत नाही.

"यात खोटं काय आहे?" मेजर म्हणाला. "त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं."

"मग आता तुम्ही लिहा, की पाहिलं ते नाटक होतं."

"नाटक नव्हतं. चढलो ना मी?"

"चढलात. आणि नंतर आठ दिवस माझ्या हाताने जेवलात. ते कुणी लिहायचं?"

फेरअर्जाचा कागद तीन आठवडे कोनाड्यात पडून होता. त्यात एक रकाना होता: रोजच्या हालचालीतील अडचणी. पहिल्या अर्जात मेजरने तिथे एकच शब्द लिहिला होता, 'नाहीत'. शेवटी एका सकाळी त्याने तो रकाना भरला. काय लिहिलं ते कुणाला वाचू दिलं नाही. कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. "जाता जाता टपालपेटीत टाकतो," तो म्हणाला.

आठ आठवडे मी गाठीपाशी रोज थोडी थोडी चिरत आले होते; त्या सकाळी त्याचं डावं चाक गाठीवर आलं आणि मी मोडले.

मित्रांनो, मोडताना आवाज फार मोठा होतो, पण वेळ अगदी थोडा लागतो. खुर्ची डावीकडे कलंडली. बायकोच्या हातातून खुर्चीची मूठ सुटली. मेजरने पडता पडता वळून सवयीने उजवा हात पायरीच्या कडेला टेकला, आणि सगळा भार त्या आधीच दुखावलेल्या खांद्यावर आला. ज्या हातांवर त्याचं सगळं आयुष्य चालत होतं, त्यातला एक त्या दिवशी निकामी झाला. तो दवाखान्यात असताना बायकोने तो घडी केलेला कागद स्वतः पेटीत टाकला.

गवंडी धावत आला. त्याने मोडलेलं टोक पाहिलं, विटा पाहिल्या, मग पुन्हा मला पाहिलं. त्याला सगळं कळलं. बहीण शेजारी उभी होती. "जुनी झाली होती गं ताई," तो म्हणाला. "ओल पकडली होती." त्याने तिला खरं कधीच सांगितलं नाही. मीही सांगणार नाही; तुम्हीही सांगू नका.

तेच साहेब पुन्हा पाहणीला आले. या वेळी बायकोने मला अंगणाच्या मधोमध ठेवलं होतं.

"ही पहिल्या वेळी कुठे होती?" त्यांनी विचारलं.

"घराच्या मागे. ताडपत्रीखाली."

साहेबांनी टेप हातातच ठेवला. "मी मागे जाऊन बघायला हवं होतं," ते म्हणाले.

अनुदान मंजूर झालं. गवंड्याने उतार बांधला. दहा फूट, वळण, पुन्हा दहा फूट. कडेच्या साच्याला फळी कमी पडली, तेव्हा त्याने माझा मोठा तुकडा लावला. माझ्यावर सिमेंट ओतलं गेलं. साचा काढला तेव्हा उताराच्या बाजूला माझे धागे उमटले होते आणि टोकाला अर्धी गाठ. उतार उत्तम आहे. बायको एकटी, न थांबता, खुर्ची वर नेते. न्हाणीघराचं दारही आता छत्तीस इंच आहे.

पण मेजरला स्वतः चाक ढकलता येत नाही. किल्लीवर कानस चालवता येत नाही. टपरी दुसऱ्याने घेतली. संध्याकाळी बायको त्याला उताराच्या टोकापर्यंत नेते, दोघं रस्ता बघतात आणि परत येतात. आता कुणी घाटाचा विनोद करत नाही.

परवा कुबड्यांवरचा एक तरुण माजी सैनिक आला होता. "दादा, गुरुवारी माझी पाहणी आहे. काय तयारी करू?"

"काही करू नकोस," मेजर म्हणाला.

"म्हणजे?"

"घर आवरू नकोस. शर्टाला इस्त्री करू नकोस. जिथे पडतोस ती जागा दाखव."

"लाज वाटते हो."

"मलाही वाटली होती," मेजर म्हणाला, आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

मित्रांनो, मी मोडकी फळी, मला उपदेश शोभत नाही. पण प्रत्येकाच्या अंगात कुठेतरी एक गाठ असते. ती झाकल्याने भक्कम होत नाही. तिच्याखाली टेकू लागतो, आणि टेकू कुठे द्यायचा हे दुसऱ्याला कळायला हवं असेल, तर ती आधी दिसावी लागते. तुमच्या घरी कुणी मदतीला आलं, तर माझ्यासारख्या फळीला मागे नेऊ नका. तिला चिखलासकट दारातच राहू द्या.