आत उघडणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. जुना असलो तरी अजून भक्कम आहे, आणि माझं दुखणं तेच आहे. भांडगावच्या पलीकडे, हायवेपासून आत असलेल्या एका माध्यमिक शाळेच्या हॉलला मागच्या बाजूने मला बसवलं आहे.

किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या पुढच्या वर्षी हा हॉल बांधला. मारुतराव सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. बिजागऱ्या ठोकताना ते म्हणाले, गर्दीची जागा हाय, दार बाहेरच्या अंगाला उघडू द्या. संस्थेचे अध्यक्ष हौसराव आप्पा यांना ते पटलं नाही. बाहेर उघडणारं दार म्हणजे दारात आलेल्या लक्ष्मीला ढकलून देणं, असं त्यांचं म्हणणं. मारुतरावांनी बिजागऱ्या आतल्या अंगाला ठोकल्या आणि मी आत उघडू लागलो.

पहिली काही वर्षं माझं भारी कौतुक झालं. दसऱ्याला झेंडूचं तोरण काय, हळदीकुंकू काय! पुढे मुलं तासाला दांडी मारून माझ्यातून सटकू लागली, तेव्हा मला बाहेरून कुलूप लागलं. किल्ली शिपाई कोंडिबामामांच्या करदोट्याला असे.

भूजचा भूकंप झाला आणि तालुक्याहून एक फॉर्म आला. संकटात बाहेर पडायला दोन वाटा आहेत का? हेडसरांनी ‘होय’ लिहिलं. आपल्याकडे कुठं काय होतंय, असं शिक्षक म्हणत आणि पालकही तेच म्हणत. मग संकटात बाहेर पडण्याचा सराव ठरला. तालुक्याचे साहेब यायच्या आधीच कोंडिबामामांनी मला सताड उघडून विटेचा टेकू दिला. मुलं ओळीने बाहेर गेली. साहेब खूश झाले.

नववीतली रुपाली तेवढी माझ्यापाशी थांबली. तिच्या आजोबांची, आण्णांची, मेंढरं असायची. बुजलेली मेंढरं रात्री कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी कशी दाटतात, ते तिने पाहिलं होतं.

“सर, समद्यांनी एकदम रेटा दिला तर हे दार आत कसं येणार?”

हेडसर हसले. अगं, वीट आहे की, म्हणाले.

पुढच्या स्नेहसंमेलनात भरदुपारी स्टेजमागची वायर जळाली आणि पडदा पेटला. पुढचं दार स्टेजला लागूनच होतं. सगळी शाळा माझ्याकडे धावली. कोंडिबामामांनी धावत येऊन बाहेरून कुलूप काढलं, खांदा लावला. पण मी तसूभरही हललो नाही. आतून लेकरांची तोंडं माझ्या फळ्यांवर दाबली जात होती. मी अडवतोय, हे मला कळत होतं. तेव्हाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

रुपाली माझ्याकडे आलीच नाही. ती गर्दीच्या शेपटाला गेली आणि एकेकाला दंडाला धरून मागे ओढू लागली.

“मागं सरा. आधी मागं सरा, मग उघडंल.”

हातभर जागा झाली आणि मी उघडलो. पाचवीतल्या सुमितचा हात मोडला, बाकी सगळे वाचले. देवाची कृपा, असं म्हणून आप्पांनी माझ्या उंबऱ्यावर नारळ फोडला. मारुतराव स्वतःहून आले, एका दुपारचं काम हाय, बिजागऱ्या फिरवून देतो म्हणाले. परीक्षा होऊ द्या, मग बघू, असं त्यांना सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी मारुतराव गेले. फॉर्म मात्र पुन्हा आला आणि त्यावर पुन्हा ‘होय’ लिहिलं गेलं.

मित्रांनो, उद्या स्नेहसंमेलन आहे. सकाळपासून मंडपवाले वायरी ओढत आहेत. मला नवं, जाड कुलूप घातलं आहे. तुमच्यापैकी कुणी ऐकत असेल, तर आजच्या आज सुताराला बोलवा. मी अजून आतच उघडतो, आणि ‘मागं सरा’ म्हणणारी रुपाली दहावी होऊन दौंडच्या कॉलेजात गेली आहे.