बयनाबाईच्या डब्ब्याचं झाकण

बयनाबाईच्या डब्ब्यात काय हाये, हे आजवर गावात कोणालेच ओळखू आलं नोतं.

भुलाबाईचे दिवस आले का सांजच्याला पोरी-बाया तिच्या ओट्यावर जमत. मातीच्या भुलाबाईपुढं गाणे म्हणत, अन् मंग निघे खाऊचा डब्बा. जिची पाळी तिनं डब्बा झाकून आणायचा, हलवून दाखवायचा, बाकीच्यायनं ओळखायचं. गोड का तिखट? भाजेल का तळेल? ओळखलं त आणणारीचं नाक गेलं. नाई ओळखलं त सगळ्यायनं 'हरलो' म्हणायचं, तवाच झाकण उघडायचं.

बयनाबाई पोरगी होती तवापासून हरली नोती. एका सालाले तर तिनं डब्ब्यात नुसता पुरणपोळीचा वास भरून आणला होता मनते. "झाकण उघडलं, त पोळी कुठंच नाई! पण वासानंच बायायचे पोटं असे भरले का दोघी जणी ओट्यावरच झोपल्या." आता हे कोणी पाह्यलं नाई, पण बयनाबाई सांगून राह्यली म्हटल्यावर इचारणार कोण?

यंदा मात्र भलतंच झालं. चंपतची बायको रंजीता डब्ब्याले हात लावायच्या आधीच सांगू लागली. बयनाबाईच्या सुनेनं, चंदानं डब्बा आणला. रंजीता मनली, "खोबऱ्याची वडी." खोबऱ्याचीच वडी! शेजारच्या वच्छलाबाईनं आणला. "फुटाण्याचा चिवडा, वरून डाळवं." त्यात डाळवं बी निघालं!

"व माय," वच्छलाबाई मनली, "तुया नाकाले दुर्बीण लागली का व?"

रंजीता गालातल्या गालात हासे. बयनाबाई मात्र काई हासली नाई. कोजागिरीले शेवटचा डब्बा तिचा होता. जलमभर राखलेलं नाव हे कालची आलेली पोरगी घेऊन जाईन, या इचारानं तिले भाकर गोड लागेना.

एकाच दिशी रंजीता चुकली. वच्छलाबाईच्या बहिणीनं मंचेरियलहून खारी बुंदी पाठवली, ती बसमधून पिशवीतच आली अन् पिशवीतूनच डब्ब्यात गेली. रंजीता त्या दिशी शेव मनली, शंकरपाळे मनली, शेवटी हरली मनली. बयनाबाईनं मनात जुळवलं. चौकातल्या किराणा दुकानातून आणलं का रंजीताले समजते. ओट्यावर वाळू घातलं का समजते. पिशवीतलं काऊन नाई समजत?

तिनं वर पाह्यलं. चौकातल्या खांबावरून क्यामेरा तिच्याकडंच पाहून राह्यला होता.

हा क्यामेरा पोलिसायनं उन्हाळ्यात बसवला. येस्साय साहेब, ठाण्याचे फौजदार, सोता आल्ते. "अम्मा, बार्डर का गांव है, देश की सुरक्षा का मामला है," मनले. कोणी नाई म्हटलं नाई. अन् खरं सांगायचं त क्यामेऱ्यानं बयनाबाईचंच भलं केलं होतं. पावसाळ्यात चोरट्यायनं तिचा पिवळ्या बैल टेम्पोत घालून नेला. टेम्पोचा नंबर क्यामेऱ्यात दिसला अन् पिवळ्या मावला गावाजवळ सापडला. घरी आला तवा तो बैल क्यामेऱ्यापुढं गुडघे टेकून बसला, असं बयनाबाई सांगे. त्या दिशीपासून ती खांबाले हळदकुंकू लावे.

पण क्यामेऱ्यात पाहे कोण? चौकात चंपतचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पोलिसायनं त्याच्याच मोबाईलवर जोडून देल्तं, का बावा, अनोळखी माणूस दिसला त कळव. तवापासून चंपत दुकानात टेचात बसे. कोणी इचारलं त मने, "देशाचं काम करून राह्यलो."

"कर बावा, कर," बयनाबाई पुटपुटली. "मी बी करतो आता देशाचं काम."

कोजागिरीच्या दुपारी ती ओट्यावर आली. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, जशी काई सोन्याची कोंबडी चोरून राह्यली. आतून पितळी डब्बा आणला. कोपऱ्यात तिच्या नवऱ्याच्या, लक्ष्मणराव म्हाताऱ्याच्या चपला होत्या. त्यातली डाव्या पायाची, अंगठा तुटलेली, शेण लागलेली चप्पल तिनं दोन बोटायनं उचलली, डब्ब्यात टाकली, झाकण लावलं, वरून फडकं बांधलं. खांबाले हात जोडले अन् आत गेली.

सांजच्याला ज्वारीच्या धांड्यायच्या मखरात भुलाबाई बसली. चांद वर आला. गाणे झाले. रंजीताचं तोंड मात्र कडू कारलं खाल्ल्यावानी. अन् चंपत, जो कधी बायायच्या खेळाकडं फिरकत नाई, तो खांबाजवळ येरझाऱ्या घालून राह्यला होता.

बयनाबाईनं फडकं बांधलेला पितळी डब्बा आणला. हलवला. धब. धब.

"सांग ना व रंजीता," वच्छलाबाई मनली. "आज काऊन दातखीळ बसली?"

"मले... नाई समजत."

"हरली मन मंग."

रंजीतानं चंपतकडं पाह्यलं. चंपतनं डोळ्यानंच 'सांगू नको' म्हटलं. "हरली," ती हळूच मनली.

बयनाबाईनं डब्बा भुलाबाईपुढं ठेवला, गाठ सोडली, झाकणाले हात लावला...

"थांबा!" चंपत असा धावला का त्याची लुंगी मागंच राह्यली असती. "काकी, उघडू नका! देवीपुढं चप्पल!"

बाया डब्ब्यापासून मागं सरकल्या.

"चप्पल?" बयनाबाई भोळी होऊन मनली. "कोणाची रे बावा?"

"लक्ष्मण आबाची! डाव्या पायाची! शेणानं भरेल! तुमीच त दुपारी..."

"दुपारी त तू दुकानात होता."

बयनाबाईनं झाकण उघडलं. आत तीळ-गुळाचा एकच लाडू, नारळाएवढा. चपलेचा डब्बा त खाटेखाली होता. पितळी डब्बे तिच्याकडं जोडीनं होते.

बाया हासल्या. अशा हासल्या का मखराचे धांडे हालले. मंग एकेकीच्या ध्यानात आलं अन् हासणं तुटलं.

"देशाले माया फुटाण्यापासून काय धोका होता रे?" वच्छलाबाईनं इचारलं.

"सहज दिसे, काकी. रंजीताले सहज सांगे..."

चंदा पदर ओढून उभी राह्यली. "मी रोज इथंच लेकराले पाजत बसत होती, भाऊजी," ती मनली. लय हळू मनली, पण साऱ्यायले ऐकू गेलं.

चंपतनं मान खाली घातली. रंजीतानं त्याच्या हातचा मोबाईल हिसकला. पोरी त गोटेच शोधू लागल्या, क्यामेरा फोडतो मनून.

"ए पोट्ट्याहो, थांबा!" बयनाबाई खांबाच्या आडवी झाली. तिच्या डोळ्यापुढं पिवळ्या उभा राह्यला. "चोर येतेच. कोणीतरी पाहाच लागते. पण कुठं पाहाचं अन् कोणी पाहाचं, हे इचारलंच नाई आपून."

सकाळी तिनं चंपतलेच येस्साय साहेबाले फोन लावाले लावला. साहेब आले, सारं ऐकलं, टोपी काढून डोकं खाजवलं.

"क्या करना है अम्मा? निकाल दूं?"

"निकालना नई साब. उसका थोबाड रस्ते के तरफ फिरा दो, मेरे ओटे के तरफ नई. और देखने का डबडा पंचायत में झाकन लगाके रखो. चोरी हुई तो दो बाई, दो आदमी के सामने उघाडो."

साहेब इतके हासले का मिशा ओल्या झाल्या. पण क्यामेऱ्याचं तोंड फिरलं. चंपतच्या मोबाईलवरून क्यामेऱ्याचं चित्र निघालं, पंचायतीतल्या पेटीत गेलं, अन् पेटीची एक चाबी चंदाले भेटली. त्या दुपारी चंदानं ओट्यावर केस मोकळे सोडले अन् उन्हाले पाठ करून बसली.

तेवढ्यात लक्ष्मणराव एका पायात चप्पल घालून, दुसरा पाय झटकत बाहेर आला. "माई डावी चप्पल कालपासून दिसून नाई राह्यली वं. क्यामेऱ्यात पाहून सांगतं का?"

"जमत नाई आता," बयनाबाई लाडवाचा तुकडा तोंडात टाकत मनली. "आधी दोन बाया अन् दोन माणसं घेऊन या, मंग झाकण उघडतो."