घोडीची कविता

आमच्या नारिनच्या खोऱ्यात ज्याला ‘बुरूल’ पाठ नाही, त्याने शाळेचं तोंड पाहिलेलं नसणार. करडे आणि पांढरे केस मिसळलेल्या घोडीला आम्ही बुरूल म्हणतो. खिंडीपलीकडे पळालेल्या आपल्या घोडीला मालक हाका मारतो, अशी ही कविता. अठ्ठावीस वर्षं मी ती चौथीला शिकवली आणि दर वर्षी मुलांकडून घोडीची चित्रं काढून घेतली.

“खिंडीपल्याड गेलीस, बुरूल, अंगण रिकामं झालं.
पाणी तापवून ठेवलंय, येशील तेव्हा तोंड धुऊन घे.”

घोडीसाठी कुणी पाणी तापवतं का, असं एकदा एका मुलीने विचारलं होतं. किर्गिझ माणसाची घोड्यावर मायाच तशी असते, असं ठोकून देऊन मी तिला गप्प केलं. ते आठवलं की आता माझी मलाच लाज वाटते.

कवी असानाकुन आबा माझे शेजारी. वय एक्क्याऐंशी, आणि कवी असूनही बोलायला महाकंजूष. त्यांच्या बायकोला सगळा गाव जिपारची आई म्हणतो. जिपार म्हणजे त्यांची थोरली मुलगी. जिपारच्या आईला मी आपा म्हणते. घोडीची कविता लिहिणाऱ्याला भेटायला लांबलांबून माणसं यायची, आणि त्यांच्यासाठी आपा कणकेचे बोरसोक तळायच्या, चहा ओतत राहायच्या.

गेल्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी खिंडीच्या पायथ्याशी घोडीचा दगडी पुतळा उभारला. खाली ही कविता कोरली. समारंभाला आबांनी ती वाचायची आणि आपांनी शेजारी बसायचं, असं ठरलं. निरोप घेऊन मीच गेले. आपा दही घुसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी नाही येणार.”

तब्येत बरी नाही का, असं मी विचारलं.

“तब्येतीला काय धाड भरलीय? पंचावन्न वर्षं त्या घोडीच्या पाहुण्यांना चहा पाजला. आता तिच्या पाया पडायला बोलावताय होय?”

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सासू चारचौघांत टाकून बोलली आणि नवरा खाली मान घालून बसून राहिला. आपा तडक खिंड ओलांडून माहेरी गेल्या, त्या महिनाभर आल्याच नाहीत. परत आल्या तेव्हा घरीदारी एकच विषय, हरवलेली घोडी आणि तिच्यावरची कविता.

“मीही त्याच महिन्यात गेले होते, त्याच खिंडीतून,” त्या म्हणाल्या. “नावही एकच दोघींचं. ओळी मात्र घोडीला.”

तीस वर्षांचा शेजार, आणि त्यांचं नाव बुरूल आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार तरी कसं? सासरी आल्या दिवसापासून त्या सून होत्या, नंतर जिपारची आई झाल्या. त्या नावाने हाक मारणारं या गावात कुणी नव्हतंच. कविता कुणासाठी लिहिली, हे त्यांनी नवऱ्याला एकदाच विचारलं होतं. तो म्हणाला होता, चहा दे.

मी तडक आबांना गाठलं. ते गोठ्याच्या सावलीत कुणाच्या तरी खोगिराचा पट्टा शिवत होते. चौथीच्या मुलाला धरावं तसं मी त्यांना धरलं आणि विचारलं, घोडी पळाली कधी आणि कविता लिहिली कधी?

त्यांनी दाभण पट्ट्यात खोचून ठेवलं. मग ते बोलले. कवितेचा कागद वडिलांच्या हाती लागला होता. त्यांनी तो भर जेवणात पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचला आणि विचारलं, ही बुरूल कोण? बापासमोर बायकोचं नाव घेण्यापेक्षा आमच्याकडच्या तरुणाने नदीत उडी घेतली असती. अंगणात बुरूल घोडी बांधलेली दिसली. आपली घोडी, असं आबा म्हणून गेले.

“वडील म्हणाले, ती तर इथेच आहे. मी म्हटलं, पळेलसं वाटतंय.” आबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “मग दुसऱ्या दिवशी पहाटे मीच सोडली तिला.”

सहा स्वार तीन दिवस घोडी शोधत फिरले. पाहुण्यांत एक वर्तमानपत्रवाला होता. त्याने त्या शोधाच्या हकिगतीसकट कविता छापली, आणि पुढे ती पुस्तकात गेली. मला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. मी म्हटलं, आबा, वडील जाऊन चाळीस वर्षं झाली, आता कुणाची भीती? ते म्हणाले, आता सवय गेली. मग मी एवढंच सांगितलं, की आपा येणार नाहीत, आणि का येणार नाहीत तेही.

समारंभाच्या सकाळी मी गाडी घेऊन दारात थांबले होते. आपा जुन्याच कपड्यांत सामोवारपाशी बसल्या होत्या, ठाम. आबा घरातून बाहेर आले. डोक्यावर नवा कल्पाक, हातात तांब्या, तांब्यातून वाफ येत होती.

“बुरूल,” ते म्हणाले.

आपांनी मान वळवून गोठ्याकडे पाहिलं. त्या गोठ्यात वीस वर्षांत घोडी नाही.

“तिला नाही,” आबा म्हणाले. “तुला. तेव्हाही तुलाच.”

आपा उठल्या. त्यांनी ओंजळ पुढे केली, आबांनी पाणी ओतलं, आणि त्या कितीतरी वेळ तोंड धूत राहिल्या. मीही गाडीच्या काचेकडे तोंड फिरवून डोळे पुसले. मग त्या निळा रुमाल बांधून आल्या आणि मागच्या सीटवर बसता बसता म्हणाल्या, “पाणी जरा कोमटच होतं.”

आम्ही तासभर उशिरा पोचलो. आबांनी कविता वाचली, लोकांनी पुतळ्याकडे बघून डोळे पुसले. परतताना मी म्हटलं, आता पुस्तकातला धडा दुरुस्त करायला हवा, मी वर लिहून कळवते.

“काही नको,” आपा म्हणाल्या. “घोडीचीच राहू दे. नाहीतर माझं नाव गावभर होईल.”

म्हणून मी अजून घोडीच शिकवते. पाण्याबद्दल कुणी विचारलं, तर मात्र आता गप्प करत नाही. घरी जाऊन आईला विचार, असं सांगते.