बिनशिक्क्याचे वॉकीटॉकी

"अहो, मोटार बंद करा! पाणी बांधावरनं वाहून चाललंय!"

मॅडमनी मोबाईलवर लावलेल्या रेकॉर्डिंगमधून आमच्या गिऱ्हाईक सरुबाईंचा आवाज दुकानभर घुमला. मागोमाग एका हवालदाराचा गोंधळलेला आवाज आला, "कुठली मोटार? कोण बोलतंय?" त्यावर पुन्हा सरुबाई, "डोळं फुटलं का? तुमचीच की! दुसऱ्या कुणाची बंद करायला सांगू?"

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खुदखुद बाहेर येतच होती. सरुबाई कधी नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि तो बिचारा हवालदार यात्रेच्या बंदोबस्तात वायरलेस कानाला लावून उभा असणार. आमचे हे मात्र काउंटरमागे पांढरेफटक पडले होते.

"हे पोलिसांच्या वायरलेसवर ऐकू आलं," प्रीती मॅडम म्हणाल्या. त्या वायरलेस खात्यातल्या अधिकारी. जीपवर अँटेना लावून माग काढत थेट मुरूमला आमच्या दुकानात पोचल्या होत्या. वयानं आमच्या लेकीएवढ्या, माहेर भूमचं. "सोमलिंगअण्णा, हे वॉकीटॉकी तुम्हीच विकलेत ना?"

"व्हय," हे म्हणाले.

एवढंच. माझ्या नवऱ्याचं एका शब्दात भागत असेल तर तो दुसरा काढत नाही. उरलेले सगळे शब्द लग्न झाल्यापासून मीच वापरत आलेय. तेव्हा मीच पुढं झाले.

"मॅडम, चोरी केली का आमी? रानात मोबाईलला रेंज न्हाय. गडी मोटारीपाशी, बाई घरी. हाका मारून मारून घसा बसायचा लोकांचा. ह्यांनी हैदराबादहून हे सेट आणले, तवा कुठं लोकांची सोय झाली."

"सोय झाली, खरंय अक्का. पण बाहेरच्या देशातनं आलेल्या सेटाची इथं तपासणी व्हावी लागते, मान्यता मिळावी लागते. ह्या खोक्यावर मान्यतेचा नंबरच नाही. हे सेट कुणाच्याही बोलण्यात घुसतात. बंदोबस्तात घुसले तर आपण हसलो. उद्या कुठं अपघात झाला, पोलीस ॲम्ब्युलन्स मागवतायत आणि मधेच तुमची मोटार आली, तर?"

मी उठून चहा टाकला.

मॅडमनी चहा घेतला, पण ऐकलं नाही. कपाटातले सगळे नवे सेट त्यांनी सील केले. विकलेले सेटही बाजाराच्या दिवसापर्यंत दुकानात जमा झाले पाहिजेत, म्हणाल्या. झाले तर समज देऊन सोडता येईल. एकही बाहेर राहिला तर यांच्यावर गुन्हा. मग कोर्टकचेऱ्या आल्या, आणि यांचा स्वभाव असा की कोर्टाच्या पहिल्या पायरीवरच यांनी अंथरूण धरलं असतं.

जीप गेल्यावर हे स्टुलावर बसून राहिले. हैदराबादच्या व्यापाऱ्यानं यांना सांगितलं होतं, परवाना-बिरवाना काही लागत नाही. ह्यांनी तेच प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. जो माणूस 'हा मिक्सर आता भंगारात घाला, माझ्याकडं पैसे घालू नका' असं तोंडावर सांगतो, त्याच्या तोंडून खोटं गेलं होतं, आणि तेच त्याला लागलं होतं.

मी म्हटलं, "सोपं हाय की. फोन करून सांगू, सेटची बॅटरी फुटायलीय, दुरुस्तीला आणा. पळत येतील."

"न्हाय," हे म्हणाले.

"मग काय सांगणार?"

"खरं."

दोन शब्द! मी कपाळावर हात मारून घेतला आणि मोपेडवर मागं बसले.

गावोगाव फिरलो. प्रत्येक दारात हे उभे राहायचे, टोपी काढायचे आणि तेच बोलायचे, "म्या चुकलो. ह्या सेटाला मान्यता न्हाय. पैसे घ्या, सेट द्या." असं कुणी बोलतं का हो? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लोक आधी हसायचे, मग चिडायचे, मग चहा करायचे. एका घरी सून सेट द्यायला एका पायावर तयार, कारण सासू शेतातून तासातासाला स्वयंपाकाची चौकशी करायची. सासू सेट सोडायला तयार नाही. शेवटी सुनेनंच पिठाच्या डब्यामागून तो काढून आणला आणि माझ्या पिशवीत टाकला. आम्ही वळलो तेव्हा घरात जुंपली होती.

सगळ्यात शेवटी ओढ्यापलीकडं आबाराव आणि सरुबाई यांच्या वस्तीवर गेलो.

सरुबाईंनी यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्हाय देणार."

"अवो, पोलिसांच्या वायरलेसवर तुमचाच आवाज गेलाय," मी म्हटलं.

"गेला तर गेला. ऐकू दे. अक्का, तुमाला सांगते, लगीन झाल्यापासनं आमी दोघं एकदमच बोलत आलो. ते तिकडनं, म्या इकडनं. कोण काय बोललं, दोघांनाबी पत्ता न्हाय. भांडून भांडून लेकरं मोठी केली. आन् ह्या डब्याला हाय ते बटन. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी संगं दाबलं तर नुसती खरखर."

आबाराव बांधावरून येत म्हणाले, "तिचं पुरतं ऐकल्यावर कळलं, ती म्हणती ते बरोबरच असतंय की!"

"बगा! असं कधी म्हणालं होतं का हे माणूस?" सरुबाईंनी सेट छातीशी धरला. या वयात त्या बाईच्या तोंडावर नव्या नवरीसारखं तेज आलं होतं. मला राग यायला हवा होता, पण नाही आला.

मी यांच्याकडं पाहिलं. मनात म्हटलं, आता तरी त्यांना सांगा की तुमच्यापायी माझ्यावर गुन्हा व्हायलाय. हे चप्पल घालत होते.

"नमस्कार करतो," म्हणाले आणि मोपेडला किक मारली.

वाटभर मी यांना फाडून खाल्लं. सगळ्यांचे आणले आणि एका जोडीसाठी गळ्यात फास अडकवून घेणार? तेवढं एक वाक्य बोलायला काय जिभेला काटे होते? यांनी मोपेड चालवली.

बाजाराच्या दिवशी प्रीती मॅडम आल्या. दुकानासमोर मिरच्यांचे ढीग, बांगड्यांच्या पाट्या, आणि बाजाराला आलेले की गंमत बघायला आलेले, कळू नये अशी गर्दी. मॅडमनी सेट बघितले, पावतीपुस्तकाशी ताडले. पावत्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे.

"एक जोडी कमी आहे अण्णा. कुणाकडं आहे?"

ह्यांनी पावतीपुस्तक मिटून ठेवलं.

"आवाज माझ्याकडं आहे. नाव तुम्ही सांगा, मी जाऊन आणते. तुमची सुटका."

माझ्या ओठांवर नाव आलं होतं, शपथेवर सांगते. तेवढ्यात हे उभे राहिले. बाजार ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाले, "न्हाय सांगणार मॅडम. त्यांनी माझ्या शब्दावर घेतलाय. कायदेशीर हाय म्हणून म्या सांगितलं, चूक माझी हाय. त्यांच्या दारात जीप न्हाय जाणार. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

एवढी वाक्यं एका दमात! बांगडीवाली बांगड्या भरायची थांबली. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

आणि गर्दीतून धक्के देत सरुबाई आत आल्या. मागं आबाराव. मोपेड गेल्यावर त्यांना बहुतेक चुटपुट लागली असावी, ते सकाळपासूनच बाजारात घुटमळत होते म्हणे. सरुबाईंनी कनवटीला बांधल्यासारखा जपलेला सेट काउंटरवर ठेवला. आबारावांनी आपला त्याच्याशेजारी ठेवला.

"म्याच ती," सरुबाई मॅडमना म्हणाल्या. "अण्णाला कायबी करू नगा. लिहा, मिळाला म्हणून."

मॅडमनी लिहिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आजी, मान्यता असलेले सेट मिळतात. अण्णा ते विकू शकतील. फक्त त्यांचा आवाज लांब जात नाही."

"ओढ्यापलीकडं?"

"नाही जाणार."

"ऱ्हाऊ द्या मग," सरुबाई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या. पैसे त्यांनी घेतले नाहीत. बाहेर पडताच दोघं एकदम बोलायला लागले, आबाराव एक, सरुबाई दुसरंच. मिरचीच्या ढिगांपर्यंत ते भांडण ऐकू येत होतं, मग बाजाराच्या कलकलाटात मिसळून गेलं. मला फार वाईट वाटलं.

मॅडमनी समज दिल्याचा कागद यांच्या हातात ठेवला, पेटी जीपमध्ये चढवली आणि गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर माझं तोंड सुटलं.

"काय गरज होती हो? गुन्हा अंगावर घ्यायला निघाले! आल्या म्हणून बरं, न्हाय तर आज..."

"इरम्मा," हे म्हणाले, "लई भ्यालो होतो मी."

मला अजून केवढं तरी बोलायचं होतं. पहाटेपासून जुळवून ठेवलेलं. पण एवढ्या वर्षांत हा माणूस मला असं कधी म्हणाला नव्हता. की म्हणाला असेल आणि मी बोलत असेन, कोण जाणे.

मी दुसरं स्टूल ओढलं आणि बसले.

ते बोलत राहिले. थांबत, अडखळत. दोन रात्री डोळा लागला नाही, म्हणाले. उद्यापासून कोण विश्वास ठेवील, याची धास्ती होती. अजून पुष्कळ काही म्हणाले, ते आमच्या दोघांतलं आहे. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन पायरीवर आलं आणि "अक्का, जरा बगा की" म्हणालं. मी तोंड उघडलं नाही. हातानंच त्याला थांब म्हटलं.