न बोलणारी पट्टी

या मित्रांनो, जवळ सरकून बसा, मागे कुणी राहू नका. एक हकीगत सांगते. टाळ धरायची गरज नाही, कान दिला की पुरे.

मी एक जुनी पेटी आहे. नागपूरच्या एका कारागिराने सागवानी फळ्या जोडून मला घडवलं, पोटात पितळेचे सूर बसवले. मला वाजवणारे अनंतराव रेल्वेच्या नोकरीवर रायपूरला आले ते मला मांडीवर घेऊनच. तिथल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या एका लहान देवळात मी कीर्तनाला साथ करू लागले. माझा सूर निघाला की समोरचे लोक आपोआप डोलत.

माझी एखादी पट्टी बोलेनाशी झाली, तर अनंतराव तिच्यावर बोट आपटत नसत. झाकण उघडून आत काय अडकलंय ते बघत. हीच रीत त्यांनी आपल्या सुनेला, विनोदिनीबाईंना, शिकवली.

पुढे रायपूर राजधानी झालं. माणसं नव्या कॉलन्यांकडे पांगली, कीर्तनं थांबली, मी खोळीत धूळ खात पडले. मग श्यामकांत नावाच्या गृहस्थांनी कीर्तनसप्ताह पुन्हा सुरू केला, आणि साथीला विनोदिनीबाईंनी मला खोळीतून बाहेर काढलं. लोक श्यामकांतांना फार मानत.

आमच्याकडे पूर्वरंग संपला की नामाचा गजर होतो आणि कीर्तनकाराला हार घालतात. हा मान लहान मुलाचा. हार देवळामागच्या खोलीत श्यामकांत ओवून ठेवत, मूल तो आणायला जाई. आपल्याच लेकराला मान मिळावा म्हणून आया आस धरून असत.

शेजारची मीनल रोज माझा भाता हलवायला येई आणि शाळेतल्या हिंदीत बडबड करून विनोदिनीबाईंचं डोकं उठवी. त्या सप्ताहात मात्र ती गप्प गप्प असायची. एका संध्याकाळी गजर सुरू झाला आणि श्यामकांतांनी खोलीच्या दारातून तिला हाक मारली. मीनलने माझी कडी घट्ट धरली. तिची आई राधिका चारचौघांत ओशाळली.

"ऊठ ना बाप्पा. देवाच्या कामाले नाही म्हणतात का? लोक पाहून राहिले."

मित्रांनो, आमची भाविक माणसं इथेच चुकत होती. लेकराचं 'नाही' त्यांना देवाचा अपमान वाटे.

विनोदिनीबाईंची बोटं माझ्यावरून उचलली गेली. सूर तुटला, गजर अर्ध्यावर थांबला. त्यांनी मीनलला ओढलं नाही, नुसत्या तिच्याकडे वळून बसल्या.

"काहून जात नाहीस, बाई? मले सांग. मी रागावत नाही."

"मुझे नहीं जाना, आजी. वो दरवाज़ा बंद कर लेते हैं. मुझे गंदा लगता है. बोले, किसी को बताया तो भगवान गुस्सा होंगे."

श्यामकांत हसले. पोट्टी आहे, काहीही बोलून राहिली, म्हणाले. कुणीतरी पुटपुटलं की आधी कीर्तन उरकू, देवळाचं नाव खराब होईल.

कीर्तनकार गोदूताईंनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"हा हार मी घालून घेणार नाही. देवाचं नाव सांगून लेकराले भेव दाखवलं याने. आज उत्तररंग नाही. आज या पोरीचं ऐकायचं." मग मीनलजवळ बसून म्हणाल्या, "देव तुझ्यावर नाही रागावला, बाई."

राधिकाने लेकीला पोटाशी धरलं. "तू खरं बोलली. माझंच चुकलं," एवढंच तिला बोलता आलं. म्हातारे अनंतराव काठी आडवी धरून देवळाच्या दारात उभे राहिले. विनोदिनीबाईंनी मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर लावला. पोलीस येऊन श्यामकांतांना घेऊन जाईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. मीनलनंतर आणखी काही मुलं आपापल्या आईबापांजवळ बोलली.

देवळाची अब्रू घालवली म्हणून काहींनी विनोदिनीबाईंशी बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशीही त्या ठरल्या वेळी आल्या, मला उघडलं आणि सूर धरला. सुताराला बोलावून मागच्या खोलीचं दार बिजागरीसकट काढून टाकलं. आता हार सभामंडपात सगळ्यांसमोर ओवतात, आणि मूल 'नाही' म्हणालं तर हार मोठी माणसं घालतात. मीनल हळूहळू पुन्हा भात्यापाशी आली. बडबडही परतली आहे.

मुलांनो, कुणी लपवायला सांगितलं तरी सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि मोठ्यांनो, तुमच्या घरातली एखादी पट्टी बोलेनाशी झाली, तर तिच्यावर बोट आपटू नका. हात थांबवा, जवळ बसा. त्या वेळी माझी कडी घट्ट धरून बसलेल्या मीनलला तेवढं आठवा.