पांढऱ्या वादळातला टाळ

या, मित्रांनो, असे जवळ सरका. कीर्तनाला बसतो तशी मांडी घाला आणि हातातले फोन जरा उलटे ठेवा. आज अशी हकिगत सांगतो, की ऐकता ऐकता तुमची बोटं गार पडतील आणि शेवटी पोटात ऊब उतरेल!

मी एक जुना टाळ आहे. एक म्हणालो खरा, पण आम्ही दोघं, एकाच दोरीने बांधलेले. एकट्याला कुठला आवाज? साताऱ्याकडच्या एका ओताऱ्याने काशाचा रस साच्यात ओतून मला घडवलं. पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टर चारुदत्तांच्या स्वेटरात गुंडाळून मी अमेरिकेत, पार्सिपनीला आलो. त्यांच्या बेसमेंटमध्ये दर एकादशीला कीर्तन व्हायचं. त्यांच्या पत्नी वसुधाकाकू आख्यान लावायच्या आणि डॉक्टर मला वाजवायचे. "काय गोड टाळ आहे हो!" असं लोक म्हणायचे. पुढे काकू गेल्या आणि मी कपाटात गेलो. सात वर्षं! अंगावर हिरवे डाग चढले.

मग एक दिवस फोन आला. डॉक्टरांची नात अंतरा अलास्काच्या पार उत्तर किनाऱ्यावर समुद्रातल्या बर्फाची जाडी मोजते. ती म्हणाली, "आजोबा, मार्चमध्ये या. शाळेच्या हॉलमध्ये तुमचं कीर्तन ठरवलंय. टाळ मस्ट आहे हं!"

आजोबांनी मला चिंचेने घासलं. मी पुन्हा लखलखलो!

तीन विमानं बदलली. काय तो प्रदेश, मित्रांनो! झाड नाही, रस्ता नाही. एका हाताला गोठलेली जमीन, दुसऱ्या हाताला गोठलेला समुद्र, आणि मधला किनारा कुठे संपतो ते कळूच नये! अंतराचं गाव अजून चाळीस मैल होतं. वाऱ्यामुळे शेवटचं विमान कॅन्सल झालं, म्हणून अंतरा बर्फावर धावणारं स्नोमशीन घेऊन न्यायला आली. सोबत आपलं मशीन घेऊन गावातला वॉल्टर होता, तिथल्या मूळच्या इन्युपियाक लोकांतला साठीचा शिकारी. त्याच्या मशीनमागे लाकडी स्लेड, म्हणजे बिनचाकांची घसरगाडी, जोडलेली. तीत अस्वलाच्या कातड्यावर आजोबा बसले आणि त्यांच्या मांडीवर मी.

वॉल्टरने मला पाहिलं. "डॉक्टर, ही झाकणं कुठल्या भांड्याची?"

"ह्याचं भांडं म्हणजे अख्खं आकाश!" आजोबा म्हणाले.

"मग आत शिजतंय काय?"

आजोबा खळखळून हसले. पण वॉल्टरने सीलच्या कातड्याचे हातमोजे पुढे केले, तसं त्यांनी मला पटकन मागे घेतलं. "चामड्याने शिवायचं नाही. नियम आहे आमचा."

"आजोबा, सीरियसली? पखवाजावर काय प्लॅस्टिक असतं?" अंतरा म्हणाली.

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तू मशीन चालव!"

निघालो! उणे तीस तापमान होतं. पापण्यांवर बर्फाचे मणी आले. समुद्रावरच्या बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून घराएवढ्या भिंती उभ्या राहिलेल्या. वाट दाखवायला मैलोन् मैल लाकडी खुंट्या रोवलेल्या, त्यांवर चमकत्या पट्ट्या. स्लेड उड्या मारायची आणि मी आनंदाने किणकिणायचो!

भर दुपारी वारा उठला. जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ उडाला आणि सगळं पांढरं झालं, वर पांढरं, खाली पांढरं. वॉल्टरने मशीन थांबवलं. "इथेच बसायचं. कोणी मशीन सोडायचं नाही."

"पुढची खुंटी बघते," अंतरा म्हणाली. "दहा पावलं फक्त!"

आणि ती गेली. दहा पावलांनी पोरगी पुसली गेली.

"अंतरा!" आजोबांनी हाक मारली, पण वाऱ्याने ती तोंडासमोरच गिळली. इंजिनाची घरघर आणि वाऱ्याची घरघर एकच झाली होती. वॉल्टर कमरेला दोर बांधून फिरून आला, पण दोर पुरेना. वाट चुकून ती समुद्राकडे गेली तर पुढे बर्फ पातळ होता.

आजोबांनी आपले चामड्याचे हातमोजे काढले आणि मला उघड्या हातांनी धरलं. खण्ण! त्या गारठ्यात माझा आवाज सुईसारखा वाऱ्यातून आरपार गेला. खण्ण! खण्ण! पण मित्रांनो, इतकं थंड काशाचं अंग कातडीला चिकटतं. त्यांची बोटं आधी लाल, मग मेणासारखी पांढरी पडली. ताल अडखळला.

"हात जातील, डॉक्टर! मोजे घाला!" वॉल्टर ओरडला.

"चामड्याने शिवायचं..." आजोबा म्हणू लागले. त्यांची बोटं आता मिटतच नव्हती.

मग त्यांनी मला वॉल्टरपुढे धरलं. सीलच्या कातड्याच्या त्या मोठ्या मोज्यांमध्ये. "वाजव बाबा. थांबू नकोस."

वॉल्टरने वाजवलं. भजनाचा ठेका नव्हता तो, त्याच्या गावच्या नाचातल्या ढोलाचा ठोका होता, सरळ, न चुकणारा. हात काखेत दाबून आजोबा त्यावर गाऊ लागले, "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी!" किती वेळ गेला कोण जाणे. एका ठोक्याला माझा काठ तडकला. तरी मी वाजलो, जीव तोडून वाजलो!

आणि पांढऱ्यातून एक निळी टोपी उगवली.

"आजोबा," अंतरा रडत हसत म्हणाली, "मी भलतीकडेच चालले होते. आवाज आला आणि वळले."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये कीर्तन झालं. आजोबांच्या बोटांना बँडेज, म्हणून मला वॉल्टरने वाजवलं. तो मोजे काढायला लागला, तर आजोबा म्हणाले, "राहू देत. शोभतात."

माझ्या काठाला आता बारीक चीर आहे आणि आवाज थोडा घोगरा झालाय. आजोबा मला बदलत नाहीत.

बाळांनो, तुमच्याही घरात कपाटाच्या तळाशी कोणी माझ्यासारखा पडला असेल, तर त्याला बाहेर काढा, घासा, वाजवा. आणि पुढच्या एकादशीला नामाचा गजर टिपेला पोचेल तेव्हा, ज्याला त्यातला एक शब्दही येत नव्हता आणि तरी जो थांबला नाही, त्या वॉल्टरची एक क्षण आठवण काढा.